पाल

म्वान्झा. पहाटेचे तीन.
सरोवरावरून माशांचा वास आणि डिझेलचा धूर
एकाच वाटेनं येतात.
न्यान्झोबेच्या शीतगृहात साडेतीन टन सांगारा,
काटा हवा उणे अठरावर,
थांबलाय उणे सहाला.
उणे सहाला तो अजून मासा आहे.
परवापर्यंत खत.

दुपारी कुणी एक येऊन गेला होता.
त्यानं गेज लावला, प्रेशर कमी दिसलं,
गॅस भरला, पैसे मोजून घेतले.
संध्याकाळी पुन्हा तेच.

लुशिंगे गेज बॅगेतून काढतच नाही.
आधी हात.
सक्शनच्या नळीवर उलटा तळवा टेकवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.
मग जाड दार ओढून आत. मागोमाग मी, टॉर्च घेऊन.
पंखा फिरतोय आणि वारा नाही.
कॉइलवर बर्फ, पांढरा, घट्ट,
पत्र्यापत्र्यामधली फट न फट लिंपलेली.

"उपाशी नाहीये ही," तो म्हणतो, तोंडातून वाफ काढत.
"हिचं नाक दाबलंय.
नाक दाबलेल्याला घास भरवून काय होणार?"

न्यान्झोबे उंबऱ्यावर, अंगाभोवती दोन खांगा गुंडाळून.
"म्हणजे दुपारचा खोटं बोलला?"
"नाही. काटा म्हणाला ते त्यानं ऐकलं.
पुढचं विचारलं नाही."

दिवसातून चार वेळा हा बर्फ वितळायला हवा.
टायमर कानाशी धरला : टिकटिकतोय.
हीटरची तार शाबूत, मीटर सांगतो.
मग मधेच कुठेतरी निरोप हरवतोय.
टायमर बोलतो,
हीटरपर्यंत पोचत नाही.

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.
म्हातारा चुकतोय. गॅसच कमी असेल.
दुपारचा तो निदान लवकर तरी घरी गेला.

लुशिंगेनं मेन पाडला,
मीटर लावून दोनदा पाहिलं, मग पॅनेलचं झाकण काढलं.
कॉन्टॅक्टरच्या मिटू पाहणाऱ्या दोन ओठांमध्ये
एक पाल.
वाळलेली, चपटी, शेपटीसकट अख्खी.

एवढ्या गारठ्याच्या घरात ऊब कुठे आहे
हे तिनं बरोबर शोधलं होतं.
तिच्या जाडीएवढी फट राहिली
आणि तेवढ्यात साडेतीन टन मासे अडकले.

चिमटा. कोरडं फडकं. मेन वर.
खट्.
थोडा वेळ काहीच नाही, मग आतून
सुपारी फुटावी तसा आवाज,
आणखी एक, मग सरसरत पहिली लादी ताटात,
आणि नळीतून पाण्याची बारीक धार बाहेर अंगणात.
आता कुठे गेज निघाला.
दुपारी भरलेला फाजील गॅस
त्यानं सिलिंडरमध्ये परत घेतला, तोलून,
सोनाराच्या सावकाशीनं.

उणे नऊ. उणे अकरा.
दागाच्या होड्या दिवे मालवत काठाला येत होत्या.
लुशिंगेनं वायरीच्या भोकात पुट्टी भरली,
अंगठ्यानं दाबली, आणि बिल मला लिहायला दिलं.
'बदललेला भाग' असा एक रकाना असतो.
मी लिहिलं : पाल, एक.
न्यान्झोबेनं वाचलं. हसली नाही.
"नवी बसवलीत का?"

त्या रात्री खोलीत, दिव्यामागे,
जिवंत एक चुकचुकली.
मी डोळे मिटले. उघडले.
सर्व्हिस व्हॉल्वची टोपी...
हातानं फिरवली, एवढं आठवतं.
पान्यानं आवळली का?

बारा वाजून गेले होते. रस्ता चढाचा.
मी सायकल बाहेर काढली.