परतावा नाही

नगर रस्त्यावरच्या महालाच्या फाटकाशी
माझी खिडकी. काचेला हात जाईल एवढं भोक,
वर पाटी: भारतीय पंचवीस, विदेशी तीनशे.
पाटी मी लिहिलेली नाही.
हे मी दिवसातून चारदा सांगतो
माझ्या इंग्रजीत, म्हणजे मुख्यतः हातांनी.

कुणी विचारलंच, बारा पट का,
तर आमचे बिडकरसाहेब कप खाली न ठेवता म्हणतात,
ते आपल्याकडून व्हिसाचे किती घेतात?
मग!
या 'मग'पुढे कुणाचं काही चालत नाही.
माझं तर नाहीच.

कारण मागच्या श्रावणात आमच्या प्रज्योतीचे कागद गेले होते.
फोटो पांढऱ्या भिंतीवर, कान दिसतील असा,
सहकारी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट,
ज्यात माझा पगार येतो आणि चार दिवसांत जातो,
शिक्क्यासकट.
पहाटेची बस, मुंबईत रांग,
तिथेही खिडकी, तिथेही काच.
फी नऊ हजार तीनशे.
सतरा दिवसांनी पाकीट:
तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही.
जी पोरगी विश्रांतवाडीच्या क्लासहून
कधी साडेआठ वाजू देत नाही
ती म्हणे परत येणार नाही.
फी मात्र खरंच आली नाही.

तेव्हापासून रजिस्टरच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलीने माझा खासगी हिशोब.
नऊ हजार तीनशे भागिले तीनशे,
एकतीस माणसं.
पैसे सरकारचे, वसुली माझी.
बाटली पोटाशी धरलेला उंच टोपीवाला: एक.
कोरेगाव पार्कातून आलेल्या मरून झग्यातल्या दोघी: तीन.
डिसेंबरात बरकत होती.
गुरुवारपर्यंत एकोणीस झाले.

विसावा भोकाशी वाकून म्हणाला,
"काका, सुट्टे चालतील का?"

इद्रिस. मूळचा खार्तूमचा, राहणार कोंढवा,
फार्मसीचं तिसरं वर्ष.
मराठी मेसच्या मावशींकडून उचललेली,
म्हणून बोलताना वाटतं, आता भात वाढेल.
मागे उन्हात आई,
डोळ्यावर हिरवी पट्टी, परवाच्या ऑपरेशनची.
"आधी भावाकडे नेणार होतो तिला," म्हणाला,
आणि देशाचं नाव घेतलं. प्रज्योतीचाच देश.
"फी घेतली. मग लिहिलं,
परत जाल याची खात्री पटत नाही."
थोडं थांबून, "ते बरोबरच आहे काका.
घर जळालं. परत कुठे जाणार?"

पाटी पुन्हा वाचली त्याने.
पन्नासाच्या सहा नोटा मोजून सरकवल्या.
"एकच द्या. तिला जाऊ दे. मी नंतर कधीतरी."

पंचवीसचं पुस्तक माझ्या डाव्या हाताशी असतं,
तीनशेचं उजव्या.
मी उजव्याने फाडलं.
वर कॅमेरा आहे, पेन्शनला चार वर्षं आहेत,
आणि खरं सांगायचं तर
डावा हात हलला नाही.

आत काय आहे, तिने त्याला विचारलं, त्याने मला.
म्हटलं, दोन समाध्या.
त्यांना आणलं तेव्हा तिकीट नव्हतं,
फक्त बाहेर जायची परवानगी नव्हती.
हे त्याने तिच्या भाषेत कसं बसवलं कोण जाणे,
तिने मान हलवली,
गल्लीतल्याच कुणाची बातमी ऐकल्यासारखी,
आणि पायऱ्या चाचपत एकटी गेली.

तो खिडकीच्या सावलीत उभा.
मी मागच्या दाराने स्टूल बाहेर दिलं.
बसला नाही. त्यावर आईचा डबा ठेवला,
ऊन सरकलं तसं स्टूलही सरकवत राहिला.

संध्याकाळी कॅश जुळली.
सरकारचे तीनशे सरकारला.
शेवटचं पान उघडून मी पेन्सिल धरून बसलो.
काय लिहितोस रे, साहेबांनी दिवे घालवता घालवता विचारलं.
काही नाही, म्हटलं,
एक बाई आहे,
कुठल्या बाजूला मांडायची ते सुचत नाहीये.