चार हात रेशीम

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागल्या गल्लीत
माझं ग्राइंडिंगचं दुकान.
ट्रॅक्टर, टेम्पो, बोअरवेलच्या गाड्या,
तीस वर्षांत किती क्रँक घासले, मोजले नाहीत.
मोजले ते फक्त शतांश मिलिमीटर.

त्याच दुकानात, कोपऱ्यात, ताडपत्रीखाली
माझं स्वतःचं इंजिन.
चार सिलिंडर, दोन इकडे, दोन तिकडे,
खुडुक कोंबडीगत पंख पसरून बसलेलं.
विमान सांबऱ्याच्या शेडात, नाकाशिवाय.
मालन म्हणते, अर्ध्या विमानाचं
पूर्ण भाडं कशाला भरताय?

भरमा नट सोडवतो
आणि मालनच्या इडलीपात्रात ठेवतो:
एका ताटलीत एक सिलिंडर,
एका खळग्यात एक स्प्रिंग.
ते भांडं आता घरी येणार नाही
हे तिला कळलंय. नवं आणलंय तिनं, न बोलता.

तिसऱ्या जर्नलवर बोट फिरवलं
आणि कळलं.
मायक्रोमीटरनं नंतर नुसतं होय म्हटलं.

मशीन समोर होतं. दगड लावलेला होता.
फर्नांडिस सर, कागदावर सही त्यांचीच,
चष्मा पुसत म्हणाले,
"तू घासायचा नाहीस, सातेरी.
क्रँक तुझा, मशीन तुझं, हातही चांगला.
पण हाताला शिक्का नाही."

खोक्यात भुसा भरला,
क्रँक बेंगळूरला धाडला.
सात आठवडे.
तेवढ्यात उसाच्या एका ट्रॅक्टरचा क्रँक आला,
रागारागानं इतका गुळगुळीत केला
की गिऱ्हाईक म्हणालं, मालक, एवढं कशाला?
नांगरच ओढायचाय की.

खोकं परत आलं त्या रात्री
शटर अर्धं ओढून, चूक सापडावी म्हणून मोजला.
एकदा. मग दिवा जवळ घेऊन परत एकदा.
सापडली नाही.
बरं वाटलं.
थोडं वाईटही वाटलं, कुणाला सांगितलं नाही.

आता दोन अर्धं धड जोडायचं.
मध्ये गॅस्केट नाही, कागद नाही.
पुस्तकात लिहिलंय: रेशमाचा धागा.
तीनदा वाचलं. भरमानं वाचलं.
त्याला इंग्रजी येत नाही, पण त्यानंही वाचलं.

वडगावात गुरुपादप्पाच्या मागावर
कुणाच्या तरी लग्नाची साडी अर्ध्यावर होती.
"यातक्क री?" त्यानं विचारलं.
विमानाला, म्हटलं.
त्यानं माग थांबवला.
माझ्याकडे बघितलं, मग भरमाकडे,
भरमानं मान हलवली, खरंय म्हणून.
न रंगवलेलं, एकसारख्या पिळाचं,
चार हात मोजून दिलं त्यानं, कोपरापासून बोटापर्यंत.
पैसे घेतले नाहीत.
"तेल गळालं तर नाव माझं सांगू नका,"
एवढंच म्हणाला, तेही मराठीत.

बोल्टांच्या आतल्या अंगानं
वळणावळणानं धागा बसवला.
श्वास धरून. पंखा बंद करून.
टोकं पार करताना भरमा पुटपुटला,
काठ जोडतोय जणू.
मग मधून बाहेर, थोडं थोडं, टॉर्क.
प्रत्येक टक्‌ला फर्नांडिस सरांची मान हलायची.

पहिल्या हिसक्याला काही नाही.
दुसऱ्याला खोकला.
चौथ्याला सांबऱ्याच्या धावपट्टीकडची सगळी बगळी उठली.

सगळे वर बघत होते, पंख्याकडे, धुराकडे,
टाळ्या कुणीतरी वाजवल्या.
इंजिन बंद झाल्यावर मी खाली शिरलो,
बॅटरी तोंडात धरून, पाठीवर आडवा,
आणि त्या सांध्यावरनं बोट फिरवलं
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कोरडं.

फोन लावला वडगावला.
मागाचा आवाज चालूच होता.
"थेंब नाही," म्हटलं.
"मग सांगा नाव," तो म्हणाला.