झिल्फा

कोर्टाच्या तळघरात कूलर ठिबकतो.
कारकून बाई पांढरे हातमोजे देते, म्हणते,
पानं सांभाळून, कडांचा भुगा होतो.

गॅरीहून सातशे मैल गाडी हाकत आले मी
अलाबामाच्या या तांबड्या मातीत,
जिथून माझे आजोबा सतराव्या वर्षी पळाले
एका पायात स्वतःचा बूट, दुसऱ्यात भावाचा.

हातात काय, तर एक नाव. हॅम्प गॅथराइट, माझा पणजोबा.
आणि नाव तरी एक कुठे?
अठराशे सत्तरच्या शिरगणतीत तो गॅट्रिट, वय बावीस.
ऐंशीत गुडराइट, वय एकोणतीस.
नव्वदची वही आगीत गेली.
एकोणीसशेत पुन्हा गॅथराइट, विधुर,
आणि वय एकदम साठ!
मोजणारा घोड्यावरून उतरलाच नसणार,
कुंपणापलीकडून ओरडला असेल, किती रे वय तुझं?
आणि हॅम्पनं त्या दिवशी वाटलं ते सांगितलं असेल.
पाठ धरली होती, तर साठ.

सत्तरच्या मागे गेलं की नावच संपतं.
मालकाच्या नावाखाली नुसत्या ओळी:
पुरुष, काळा, बारा.
पुरुष, काळा, बारा.
दोन आहेत.
मी दोन्हींवर बोट ठेवलं नाही.

ऐंशीच्या पानावर त्याच्या खालची ओळ बायकोची.
वय चोवीस, घर सांभाळते.
नावावर शाईचा डाग, खडकी सुपारीएवढा.
डाग पडला तर पडला, मला काळजी नव्हती.
पणजीचं नाव मला पाठ होतं,
माझ्याच नावाच्या मधोमध ते शिवलेलं आहे:
मर्डिस झिल्फा गॅथराइट.
ऑरेला आत्या सांगायची,
झिल्फा गेली तेव्हा हॅम्प तीन दिवस जेवला नाही,
ओढ्याकाठी बसून राहिला, कुणाशी बोलला नाही.

मग गहाणखतांची वही उघडली. सत्त्याऐंशी साल.
पिकार्ड आणि मुलगे, किराणा, बियाणं, खत.
त्यांच्याकडे हॅम्पनं गहाण ठेवलं:
येणारं सगळं कापूस-मक्याचं पीक,
एक नांगर, एक लाल गाय,
आणि एक मातकट खेचर, मादी, वय अंदाजे सात,
डाव्या डोळ्यानं आंधळी, नाव झिल्फा.
खाली सहीच्या जागी फुली,
वाकडी, जोर देऊन काढलेली, कागद फाटेस्तोवर.

मी हसले. तळघरात एकटीच, मोठ्यानं.
सत्तर वर्षं एका खेचराचं नाव मिरवतेय मी!
शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या, पेन्शनच्या कागदावर.
मग हसू अर्ध्यात अडकलं.
व्यापाऱ्यानं खेचराचा डोळासुद्धा तपासून लिहिला,
आणि जिनं त्या पिकात कंबर मोडली
तिच्यासाठी सबंध काउंटीत एक डाग.

बाहेर पायरीवर बसून आत्याला फोन लावला.
सत्त्याण्णव वर्षांची, वृद्धाश्रमात, कानाला यंत्र.
तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिला कळलं.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग म्हणाली, बाबा एवढंच सांगायचे बघ,
तो नेहमी तिच्या डाव्या बाजूनं चालायचा,
तिला दिसायचं नाही म्हणून.
तिच्या म्हणजे कुणाच्या, आत्या?
ते मी कधी विचारलंच नाही गं.

बायकोचं नाव खेचराला दिलं असेल त्यानं,
ती गेल्यावर हाक मारायला कुणी हवं म्हणून?
की खेचराचंच नाव लेकरांनी आईला चिकटवलं,
कारण बापाच्या तोंडून दुसरं कुठलं नाव कधी ऐकलंच नाही?
की दोघी एकाच नावाच्या, एकाच शेतात,
आणि तो हाक मारायचा तेव्हा दोघी वळून बघायच्या?

एका पानाच्या नकलेला पंचवीस सेंट.
बाईनं विचारलं, पावती कुणाच्या नावानं?
मी पूर्ण नाव सांगितलं.
मधलं कसं लिहायचं, ती म्हणाली, नीट सांगा,
चुकायला नको.