चौथा रकाना

संडरलँडला डिसेंबरात चारलाच अंधार.
पडद्यावर पादचारी पूल: निळा, हिरवा,
मधल्या कमानीशी जरासा लाल,
आणि एकाही ठिपक्याला नाव नाही.

तक्त्यात तीन रकाने आकड्यांचे, चौथा शब्दांचा.
जोडला,
तर शीर्षकाची ओळ वगळायची राहिलेली;
सगळं एकेक घर सरकलं.
पहिल्या खांबाला चिकटलं ‘नाव’,
जणू कुणी होडी बांधून गेलं.

पुन्हा जोडला. आता जो तो जागच्या जागी:
सांधा सात, सांधा आठ,
आणि नवव्यापाशी
डॉड्सबाईंनी निवृत्तीआधी टाइप केलेलं,
‘इथे उभं राहिलं की पाय थरथरतात.’

मॉडेलमध्ये तिथे गर्द निळा.
काहीच ताण नाही म्हणे.

पुसायला माउस नेला.
मग कोट घातला,
पुलावर जाऊन येतो.