अकरा किलो

प्लास्टर कापलं तेव्हा हात आधी माझा वाटलाच नाही.
बारीक, पांढुरका,
दुसऱ्याच्या घरी महिनाभर राहून आलेल्या पोरीसारखा
दारातच थबकलेला.

फिजिओच्या मर्विनने मुठीत यंत्र दिलं. म्हणाला, दाबा.
काटा अकरावर गेला, थरथरला, बसला.
"सिस्टर, जोर लावा."
लावलेलाच होता.

अकरा किलो.
हुफूफच्या बाजारात खलास खजुराचा डबा दहाचा मिळतो,
म्हणजे तो उचलेन,
वर एक किलो शिल्लक.
विमानात तीस नेता येतात.
फॉर्मवर छापलंय : वॉर्डसाठी किमान वीस.

रात्रपाळी होती, पहाटेचे साडेतीन.
नऊ नंबरचे अबू सालिह,
जन्मभर खजुराच्या झाडांवर चढलेला माणूस,
झोपेत पलंगालाच झाड समजून उतरायला लागले.
मी हात घातला.
मधे कठडा होता, आणि त्यांचं सगळं वजन.
आवाज अँप्युलची मान मोडल्यासारखा, बारीक, स्वच्छ.
मला वाटलं, त्यांचं काही मोडलं.
रिपोर्ट जिन्सीने लिहिला, माझ्याने पेन धरवेना :
रुग्णास इजा नाही.
पुढे कर्मचाऱ्यासाठी अर्धी ओळ होती.

इकामा रजबमध्ये संपतो.
रजब कधी येतो, ते बारा वर्षं कॅलेंडर बघून सांगायचे.
यंदा न बघता सांगते.
ऑफिसातले फहादसाहेब म्हणाले, इन्शाल्ला.
इथे इन्शाल्ला तीन प्रकारचं असतं,
एक हो, एक नाही,
आणि एक नुसतं, चहा पिऊन जा.
मी चहा प्यायले. डाव्या हाताने.

सांगलीच्या बँकेला सात तारीख कळते, मनगट कळत नाही.
ताईचा व्हिडिओ कॉल आला की
मी फोन असा धरते की खांद्याखाली काही दिसू नये.
"बारीक झालीस गं," ती म्हणते.
बरोबरच म्हणते, पण चेहऱ्याकडे बघून.

वॉर्डात कुणी काही बोलत नाही.
फक्त माझ्या ट्रेमध्ये अँप्युल फोडून ठेवलेल्या असतात,
सलाइनची झाकणं अर्धी फिरवलेली.
रोवेना लांबून डोळे मिचकावते.
उपकार असेही असतात, की त्यांना नाव दिलं तर संपतील.

व्यायामाला हिरवा रबरी गोळा दिलाय.
मी ज्वारीचं पीठ घेते.
होस्टेलच्या किचनमध्ये रात्री अकराला, एसीच्या घरघरीत,
उकळत्या पाण्यात पीठ, तळव्याखाली मळत, मळत,
अंगठ्याच्या मुळाशी ठणका उठेपर्यंत.
भाकरी थापली की कडा फाटतात.
जिन्सी म्हणते, हा कुठला देश?
आणि तो देश भाजून, चटणी लावून खाते.

काल अबू सालिह ओपीडीत आले, मुलाचा खांदा धरून.
मला ओळखलं नाही.
मुलाला म्हणे विचार, त्या रात्री कुणीतरी माझा दंड फार जोरात ओढला,
अजून दुखतो.
मुलगा शरमला. माझी माफी मागायला लागला.
मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी, पोटातून.
जोरात! म्हणजे होता तर.

म्हातारबांचं मनगट मी उजव्या हातात घेतलं.
खोडासारखी खरखरीत कातडी, खाली नाडी,
मधेच एक ठोका विसरणारी.
दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं.
नाडीला किलो लागत नाहीत.
पूर्ण मिनिट मोजली. अर्ध्या मिनिटाची दुप्पट केली नाही.

सत्त्याहत्तर, मी लिहिलं.
अक्षर वाकडं आलं, पण उजव्याचं.

गुरुवारी परत यंत्र आहे.
पीठ अर्धा डबा उरलंय.