वंगण

मे महिन्यात शेडचा पत्रा हात लावू देत नसे.
सत्तेचाळीस, कधी अठ्ठेचाळीस;
माठातलं पाणी पण आंघोळीचं वाटायचं.
अशा दुपारी उखर्डू मिस्त्री इंजिनाखालून सरकत बाहेर यायचा,
रुमालानं मान पुसायचा
आणि सूर्याकडे बघून म्हणायचा, खोलद्ना.

आम्ही अप्रेंटिस पोरं. आम्हाला वाटायचं, शिवी आहे.
पाना निसटून बोटावर बसला की आम्हीही म्हणायचो, खोलद्ना.
फोरमन पिंटोच्या पाठीमागे म्हणायचो, जरा हळू.

एक्केचाळीस साली भुसावळ शेडमधून अकरा जण नेले.
बंदूक नाही दिली. हातोडा, पाना, खाकी टोपी.
बसरा, मग इराणात अहवाज.
“साहेब सांगे, तिथं ऊन फार. आम्ही हसलो.
भुसावळच्या माणसाले ऊन शिकवतो का, भो?”
पुढच्या जुलैत चिनावलचा सुपडू
शंटिंग करता करता डब्याला टेकून बसला
तो उठलाच नाही.
अंगाला घाम नव्हता. खिशात घरचे शेंगदाणे होते.
मिस्त्री एवढंच सांगायचा,
आणि शेंगदाणे खायचा नाही.

डब्यांत काय? टायर, डबाबंद मटण, सुटे केलेले ट्रक,
आणि बूट. इतके बूट
की वाटावं एवढे पाय आणायचे कुठून.
डावे एका डब्यात, उजवे दुसऱ्यात, चोरी होऊ नये म्हणून.
सगळं उत्तरेला, रशियाला,
जिथं म्हणे माणसं उभ्याउभ्या गोठत होती
आणि रणगाड्यातलं तेल डिंकासारखं बसत होतं.

खालून निघताना इंजिन पाण्यासाठी रडे.
मिळे ते खारं; बॉयलरच्या नळ्यांत बोटभर पापुद्रा.
वर, बोगद्यांपलीकडे, बर्फ.
एकाच फेरीत. सकाळी उघड्या अंगानं,
रात्री पाय पोत्यात.
ॲक्सलबॉक्स उघडावा तर आत ग्रीस नाही,
मेणबत्तीचा दगड.

तेहरानच्या यार्डात गाडी रशियनांच्या ताब्यात जायची.
तिथं एक लाल कानांचा पोरगा उतरला.
त्यानं ग्रीसचा गोळा उचलला, शर्टात घातला,
काखेत धरून उभा राहिला
खुडूक कोंबडीसारखा.
आणि तो शब्द म्हणाला.
मिस्त्रीनं दुसरा गोळा आपल्या काखेत घेतला.
भाषा नव्हती. दोघं अर्धा तास तसेच.
मग गाडी हलली.

लढाई कोण जिंकलं, असं विचारलं
तर मिस्त्री कुठल्या सेनापतीचं नाव घेत नसे.
“ज्याचं वंगण शेवटलोक पातळ राह्यलं, तो.”
थांबून, बिडी विझवून,
“अन् ज्याच्या टाकीत पाणी राह्यलं, तो.”
बाकी सगळे त्याच्या लेखी नकाशावरचे बाण.

खूप वर्षांनी वरणगावच्या फॅक्टरीत
एक रशियन इंजिनिअर आला होता, त्याला मी अर्थ विचारला.
आधी तो हसला, माझा उच्चार ऐकून.
मग कॉलर वर करून, दात वाजवून दाखवले.
थंडी.
भर मे महिन्यात, पत्र्याखाली,
तो माणूस आम्हाला थंडी म्हणत होता.
मला ते सांगायला जावंसं वाटलं,
पण मिस्त्रीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

गेला तो डिसेंबरात. तापीवरून वारं, पारा आठवर.
ट्रंक उघडली तेव्हा मी तिथं होतो.
पदक वगैरे काही नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बूट.
एकच. डावा. दहा नंबर;
मिस्त्रीचा पाय सातचा.
कुणासाठी आणला, का आणला, सून म्हणाली, माहीत नाही,
दर दिवाळीला ते त्याला ग्रीस लावायचे.

मी बोट दाबून पाहिलं.
चामडं अजून मऊ होतं.