चौतीस नंबर

कालव्याच्या चौतीस नंबरच्या दारांवर
नेमणूक आईची होती, बाबांची नव्हती.
सरकारी कागदावर तिचं एकटीचं नाव : युगेत.
बाबा रेल्वेत, रुळांखाली खडी पसरायचे
आणि संध्याकाळी, बिनपगारी, उजवं दार ओढायचे.

डावं तिचं, उजवं त्यांचं.
लोखंडी दांडा फिरवताना
कोणी कोणाकडे बघायचं नाही.
पाणी चढायचं सावकाश,
कोळशाचा, गव्हाचा, वाळूचा बार्ज
आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीएवढा वर यायचा,
नावाडी टोपी काढायचा,
आई त्याला सहा अंडी विकायची
आणि सुट्टे मोजताना हसायची.
घरात तसं हसू मी फारसं पाहिलं नाही.

एकसष्टच्या एप्रिलमध्ये
ती अशाच एका बार्जवर चढली.
बेल्जियमचा होता. कडेला निळ्या रंगात 'गोदलीव्ह'.
अकरा दिवस.
अकरा दिवस बाबांनी डावं दारही ओढलं,
एक बाजू लावून, पुलावरून धावत, दुसरी बाजू.
माझी वेणी त्यांना जमेना,
सुतळीने बांधायचे, केस तुटायचे.
कोणी विचारलं तर, बहिणीकडे गेलीय, ओसेरला.
आईला बहीण नव्हती, हे गावाला माहीत होतं.
गावाने मान डोलावली.

बाराव्या दिवशी ती बसमधून उतरली,
पिशवीत लसणाची माळ,
जणू बाजारातूनच आली.
बाबा म्हणाले, "वरून दोन येतायत."
तिने कोट खुंटीला लावला
आणि डाव्या दाराशी जाऊन उभी राहिली.
मी आठ वर्षांची, जिन्यावर बसून
मोठ्या भांडणाची वाट बघत होते.
ते अजून व्हायचंय.

पुढच्या जानेवारीत फिर्मँ झाला.
गावाने पुन्हा मान डोलावली.
तो पाच वर्षांचा झाला तेव्हा बाबांनी
त्याचा हात उजव्या दांड्यावर ठेवला.
माझा कधी ठेवला नाही.

आज साठ वर्षं झाली.
लिंडनखाली तीन टेबलं जोडलीत,
केकवर साखरेतली दोन नावं, 'आन्सेल्म'मधला एक काना गळालेला.
फिर्मँ बोर्दोहून आलाय, बायकोशिवाय.
तिसऱ्या ग्लासानंतर तो विचारतो,
"कसं केलंत हो? मला सहा वर्षंही जमली नाहीत."
बाबांना ऐकू येत नाही. "काय म्हणतो?"
आई त्यांच्या पावाची कडा कापून ठेवते, दात नाहीत म्हणून,
आणि म्हणते, "विचारतोय, चीज घेणार का."
"थोडं," बाबा म्हणतात.

तेवढ्यात भोंगा.
इंग्रज सहलीवाल्यांची पांढरी बोट.
आता दारं एक कॉलेजचा पोरगा उघडतो,
मोपेडवरून बोटीच्या पुढे पुढे जात.
तरी दोघं उठतात, नॅपकिन खुर्चीवर टाकून,
ती डावीकडे, ते पूल ओलांडून उजवीकडे. किती वेळ लागतो आता.

ही दारं सरळ रेषेत मिटत नाहीत.
प्रवाहाकडे तोंड करून, तिरकी, एकमेकींवर रेलतात,
पाणी ढकलेल तितकी घट्ट.
मधल्या फटीतून थोडं गळत राहतं.
लहानपणी मी त्यात चिंध्या कोंबायचे.
आई ओरडायची, "गळू दे. कोरडं पडलं की लाकूड तडकतं."

पोरगा आईला दांडा देतो, हसत.
पलीकडे बाबांच्या हातांना जोर नाही, दार जागचं हलत नाही.
बोटीवरचे लोक फोटो काढतात.

फिर्मँ ग्लास खाली ठेवतो,
पूल ओलांडतो,
त्यांच्या मागे जाऊन उभा राहतो, काही न बोलता.
बाबा मागे वळून बघत नाहीत.
फक्त थोडे सरकतात.
त्याच्या हातांपुरती जागा होते.